शोभाची तपासणी आणि माझा उपास

शोभाच्या तपासणीला मी पूर्ण तयारीनिशी गेलो होतो! गर्भाशयात कॅमेरा घालून तपासतात म्हणजे काय, हे अख्ख्या पनवेलमध्ये माझ्याइतकं कुणी वाचलं नसेल. (कळलं किती, ते विचारू नका.) पाळी जाऊन बारा वर्षं झालेल्या शोभाला, म्हणजे आमच्या हिला, पुन्हा रक्त दिसलं होतं. त्या दिवसापासून 'कर्करोग' हा शब्द आम्ही दोघांनीही उच्चारला नव्हता आणि नीट झोपलोही नव्हतो.

"पोट रिकामं हवं," सकाळीच मी बजावलं.

"अहो, भूल देणारच नाहीयेत! खाऊन या म्हणाल्यात डॉक्टर."

"पुस्तकात तसं नाही. तू उपाशी, तर मीही उपाशी!"

मी आंघोळीला गेल्यावर तिने दोन घावणे खाल्ले, हे मला फार उशिरा कळलं.

दवाखान्यात डॉक्टर प्राचींनी समजावलं, "बारीक नळी असते, टोकाला कॅमेरा. थोडं सलाईन सोडू. पाळीसारखी कळ येईल, मग लगेच घरी. काका, आत येताय?"

'नको' ओठांवर आलं होतं, पण शोभाने माझी बाही घट्ट धरली. गेलो.

नजर कुठे ठेवावी कळेना, म्हणून मॉनिटरकडे पाहिलं. गुलाबी गुहा! आणि छताला चिकटलेला चकचकीत गोळा!

"डॉक्टर, गाठ!" मी ओरडलो.

"काका, तो हवेचा बुडबुडा आहे..."

पुढचं ऐकू आलं नाही. भिजलेल्या पोत्यासारखा मी स्टुलावरून घसरलो आणि जाताना सलाईनच्या स्टँडला मिठी मारून त्यालाही घेऊन गेलो!

डोळे उघडले तेव्हा तपासणीच्या टेबलावर मी होतो, पाय वर टांगलेले. शेजारी उभी राहून शोभा मला ग्लुकोजचं पाणी पाजत होती.

"तुझं काय निघालं?"

"अर्धवट राहिलंय. तुम्ही उतरा, म्हणजे मला झोपता येईल!"

उतरलो. बाहेर भिंतीला टेकून बसलो. मग दार उघडलं.

"अस्तर पातळ झालंय, वयामुळे," डॉक्टर म्हणाल्या. "गाठ नाही. नमुना तपासायला पाठवते, पण मला तरी काळजीचं काही दिसत नाही."

रिक्षात शोभा एकाएकी हुंदके देऊन रडायला लागली. इतके दिवस टिपूस काढलं नव्हतं. मी पांढराफटक, तिच्या खांद्यावर डोकं टाकून. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं.

"काकी, रडू नका. काकांना काय नाय होत!"

मी नुसती मान हलवली. खुलासा करायला अंगात त्राण कुठे होतं!