भार्गवराव ढोलीत शिरले त्याची गोष्ट

मुलांनो, मोबाइल खाली ठेवा. पालथा नाही, लांब ठेवा. हं. तर एका जंगलात शिंकांची साथ आली.

कुठलं जंगल ते विचारू नका. तिथे रस्ता जात नाही आणि रेंजही येत नाही, म्हणून तिथले प्राणी अजून एकमेकांशी बोलतात. साथ कुणी आणली यावरून आधी भांडण झालं. सगळ्यांनी मिळून वटवाघळाचं नाव घेतलं. वटवाघूळ तेव्हा झोपलं होतं, त्यामुळे त्याने काही नाकारलं नाही. आरोप सिद्ध झाला.

मग वनराज सिंह टेकडीवर आले.

"प्रजाजनहो," ते म्हणाले, "उद्यापासून जो तो आपापल्या घरात. बिळात, गुहेत, ढोलीत. दारं बंद. फटीसुद्धा बुजवा. शिंक फटीतून आत येते. आणि घराबाहेर कुणी म्हणजे कुणी दिसता कामा नये!"

एवढं सांगून ते स्वतः मात्र घरी गेले नाहीत. वाऱ्यावर आयाळ छान उडत होती, म्हणून बराच वेळ टेकडीवरच उभे राहिले.

आता या जंगलात एक बेहड्याचं झाड होतं आणि त्याच्या ढोलीत शालन राहायची. शालन ही धनेश पक्ष्याची मादी. धनेश म्हणजे तो मोठ्या चोचीचा पक्षी. चोच एवढी मोठी, की बाकीचा पक्षी मागाहून जोडल्यासारखा वाटतो.

धनेशांच्या घराण्यात एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की बाई ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. माती, फळांचा चोथा आणि स्वतःची विष्ठा, या तिन्हींचा गिलावा करतात. नाकं मुरडू नका, तुमच्या आजोळी जमीन कशाने सारवायचे ते आईला विचारा. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी ठेवतात. मग आत बसल्या बसल्या बाईची पिसं झडतात, उडायचं म्हटलं तरी उडता येत नाही. नवरा रोज गळ्यात फळं भरून आणतो आणि एकेक करून फटीतून भरवतो. तो आला नाही, तर आतली दोघं उपाशी मरतात.

शालन दरवर्षी अशी आत बसायची. जंगलाला त्याचं कधी काही वाटलं नाही. बाळंतीण घरात आहे, यात बातमी ती काय?

हुकूम सुटला तेव्हा तिचं पिल्लू नुकतंच अंड्यातून बाहेर आलं होतं. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, तोंड मात्र सदा उघडं. शालनचा त्याच्यावर भारी जीव. त्याच्या पोटात उंबर गेला की तिला स्वतःचं पोट भरल्यासारखं वाटायचं.

जंगलाने हुकूम पाळला आणि दुसऱ्याच दिवशी जंगल कंटाळलं.

अस्वलाने मधाचा केक केला. तो बसला. मग अस्वलाने तो का बसला, हे अख्ख्या जंगलाला ओरडून सांगितलं. बिबट्याला आपली बायको दिवसभर काय करते हे पहिल्यांदाच दिसलं आणि तो तिला ते कसं करावं हे शिकवू लागला. तिने त्याला अंगावरचे ठिपके घासून काढायला बसवलं. घुबडगुरुजींनी शाळा घरूनच चालू ठेवली. ते भर दिवसा शिकवायचे. दिवसा त्यांना दिसत नाही, त्यामुळे पोरं केव्हाच पसार झाली तरी त्यांचं 'समजलं का?' चालूच.

शालन फटीतून हे सगळं ऐकायची.

"एवढ्यात?" ती पिल्लाला म्हणायची. "अरे, एवढ्यात कंटाळले?"

आणि पोट धरून हसायची. जागा कमी होती, म्हणून बेताने हसायची.

तिचे यजमान भार्गवराव. भार्गवराव म्हणजे नियमाचा पक्षी. आभाळ मोकळं असलं तरी डाव्या बाजूने उडायचे. हुकूम ऐकल्यापासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. घराबाहेर दिसायचं नाही, पण फळं तर बाहेरच लागतात. दोन दिवस त्यांनी कसंबसं निभावलं, खालून खालून उडत, पानाआडून, चोरासारखे.

तिसऱ्या दिवशी उंबरापाशी वानरांनी त्यांना अडवलं. वानरांना बंदोबस्ताचं काम मिळालं होतं आणि प्रत्येकाच्या हातात काठी होती. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना विचारून पुढे जात होतं, त्यामुळे ते फार खुशीत होते.

"कुठे निघाली स्वारी?" हवालदार वानराने विचारलं.

"बायको घरात आहे हो," भार्गवराव म्हणाले.

"सगळ्यांच्याच आहेत. म्हणून काय सगळ्यांना बाहेर सोडायचं?"

त्याने भार्गवरावांना फांदीवर उठाबशा काढायला लावल्या. चोचीच्या वजनाने ते दर बैठकीला पुढे कलंडत होते. खालच्या बिळातून मुंगूस बघत होतं, ससे बघत होते. भार्गवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते तिथून निघाले, ते पक्का निश्चय करूनच.

दुपारी फटीपाशी पंखांचा आवाज झाला. शालनने नेहमीसारखी चोच बाहेर काढली. चोचीत पडला तो ओल्या चिखलाचा गोळा.

"अहो, हे काय?"

"माती," भार्गवराव म्हणाले. "सरक जरा. मी आत येतोय."

"आत? इथे?"

"हुकूम आहे. जो तो आपापल्या घरात. हे माझं घर नाही का?"

घर त्यांचंच होतं. फक्त ते त्यात कधी राहिले नव्हते.

तोवर त्यांनी चोचीने दार फोडलंसुद्धा. ते आत शिरले. खरं तर चोच आत शिरली, मग बऱ्याच वेळाने ते आले. मग गळ्यातून आणलेल्या चिखलाने त्यांनी दार पुन्हा लिंपलं. नीट, गुळगुळीत, मन लावून.

"फट ठेवा," शालन म्हणाली.

"फटी बुजवा असं स्पष्ट सांगितलंय."

"अहो, पण आपल्याला फट लागते."

"प्रत्येकाने असंच म्हटलं तर राज्य कसं चालायचं?" भार्गवराव म्हणाले आणि त्यांनी फट बुजवली.

आत अंधार झाला. ढोली होती एका पक्षिणीच्या मापाची, त्यात आता तिघं. भार्गवरावांनी डावीकडे पाहिलं की शालनला भिंतीला चिकटावं लागे. उजवीकडे पाहिलं की पिल्लाला खाली वाकावं लागे. म्हणून त्यांनी सरळ बघायचं ठरवलं आणि दाराला पाठ टेकून बसले.

"कुबट वास येतो गं इथे," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"घाण मी फटीतून बाहेर टाकते. टाकत होते."

"आणि तू ते सालपट असं मध्ये कशाला ठेवलंयस? कडेला ठेवलं तर जागा होईल."

"ते पिल्लाचं अंथरूण आहे."

"बघ हं, सुचवलं आपलं." मग ते जरा सैलावले. "बाकी बरं वाटतं हां घरात. निवांत. तुम्हा बायकांचं एक बरं असतं. बरं, जेवायला काय आहे?"



"जेवण तुम्ही आणता," ती म्हणाली.

"मी?"

"मग दुसरं कोण आणतं?"

"पण मी तर आत आहे."

"तेच म्हणतेय मी."

भार्गवराव विचारात पडले. धनेशाचा विचार चोचीच्या टोकापासून निघतो आणि डोक्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो.

"आज उंबर मिळाले नाहीत का?" शालनने विचारलं.

"चार मिळाले होते. वाटेत खाल्ले. उठाबशांनी फार भूक लागते गं."

पिल्लाने तोंड उघडलं आणि भोकाड पसरलं. शालनने त्याला पोटाशी घेतलं, गोंजारलं, सालपट चोखायला दिलं. त्याने ते थुंकून टाकलं.

"दार फोडा," ती म्हणाली. "आणि जा."

"पुन्हा उठाबशा? सगळ्या सशांसमोर? लोक काय म्हणतील?" भार्गवराव म्हणाले. "अगं, आज ना उद्या हुकूम मागे घेतील. एखादा दिवस उपास केला तर काय बिघडतं? तब्येतीला चांगला असतो."

"त्याला आज चार दिवस झालेत जन्माला येऊन!"

"मग लवकर सवय लागेल."

अशी चीड शालनला आयुष्यात आली नव्हती. इतकी वर्षं ती या ढोलीत अंधारात बसली, पिसं झडवून बसली, आणि एकदाही तिला घाबरायला झालं नव्हतं. आज झालं.

सकाळपर्यंत लिंपण दगडासारखं वाळलं. भार्गवरावांचं काम एकदम पक्कं.

आणि सकाळी बाहेर गर्दीचा आवाज आला. दरबाराचा कोल्हा आला होता. त्याच्यामागे आपापल्या घरात असायला हवे होते ते सगळे प्राणी होते.

"भार्गवराव आहेत का?" कोल्ह्याने झाडावर टकटक केली. "प्रजा फार कंटाळली आहे हो. वनराज म्हणाले, कोंडून राहण्याचा खरा अनुभव जंगलात एकट्या धनेशांच्या घरात आहे. तेव्हा चार शब्द मार्गदर्शन करावं."

शालनने बोलायला चोच उघडली.

"अवश्य!" भार्गवराव म्हणाले.

त्यांनी घसा खाकरला. त्यांना आत येऊन एक रात्र झाली होती.

"मित्रहो," ते भिंतीला तोंड लावून म्हणाले, "घर ही बाहेरची वस्तू नाही. घर आत असतं."

बाहेर टाळ्या पडल्या.

"वेळ जात नाही हो," बिबट्या ओरडला. "काय करावं?"

"वेळ घालवू नका. वेळेत राहा," भार्गवराव म्हणाले. याचा अर्थ त्यांनाही लागला नाही, पण टाळ्या आधीपेक्षा जोरात पडल्या.

"सांगा त्यांना, पिल्लाला भूक लागलीय," शालन कुजबुजली.

"थांब गं, महत्त्वाचं चाललंय. हं, तर मित्रहो, उपास! उपासाने मन कसं हलकं होतं."

शालनने अंधारात पिल्लाला चाचपलं. ते आता रडत नव्हतं. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. मान तिच्या पंखावर टाकून पडलं होतं.

तिने पिल्लाला हळूच कोपऱ्यात ठेवलं आणि भार्गवरावांच्या डोक्यावरून चोच दारावर हाणली. मग पुन्हा हाणली. मग हाणतच राहिली.

"हा आवाज कसला?" कोल्ह्याने विचारलं.

"बायकोची कामं चालू आहेत," भार्गवराव म्हणाले. "आपण शांतपणे बसलेलं या बायकांना बघवत नाही." बाहेरचे सगळे नवरे खदखदून हसले. "तर शेवटी मी एवढंच सांगेन. मित्रहो, काहीही होवो, घराबाहेर पडू—"

दार फुटलं. भार्गवराव पाठ टेकून बसले होते, ते पाठीमागेच बाहेर पडले. थेट कोल्ह्यापुढे, उताणे, चोच वर करून.

मग हवालदार वानर पुढे झाला.

"काल सांगून कळलं नाही होय? काढा उठाबशा!"

"काही काढणार नाहीत ते," वरून आवाज आला.

ढोलीच्या तोंडाशी शालन उभी होती. पिसं झडलेली, चिखलाने माखलेली. आजवर तिला कुणी नीट पाहिलंच नव्हतं. सगळे मान वर करून बघत राहिले.

"ते उंबर आणायला निघालेत. त्यांना जाऊ द्या."

"नियम आहे, बाई."

"बरं," शालन म्हणाली. "मग नियम तुम्हीच पाळा. वर या आणि माझ्या लेकराला भरवा. नाही जमत?"

वानराने काठी आपटली. तेव्हा शालन मागे वळली आणि कालपासून साठलेली तिघांची घाण तिने चोचीने लोटली. सगळी एकदम लोटली. पहिला मान हवालदाराला मिळाला, मग कोल्ह्याला. बिबट्याने अंगावरचे ठिपके नुकतेच घासले होते, त्याला आणखी पडले.

"अत्यावश्यक सेवा!" हवालदार डोळे पुसत ओरडला. "जाऊ द्या रे त्यांना! अत्यावश्यक सेवा!"

भार्गवराव उडाले. वर शालन बघत होती, म्हणून फार जोरात उडाले आणि गळा भरून उंबर घेऊन आले. पहिला उंबर पिल्लाने गिळला नाही. शालनने तो चघळून, मऊ करून पुन्हा दिला. मग गिळला. दुसऱ्याला त्याने स्वतःच तोंड उघडलं. तिसऱ्याला त्याने भोकाड पसरलं आणि शालनला ते इतकं गोड वाटलं, की ती तिथेच रडली. मग तिने दार आतून लिंपून घेतलं आणि फट आठवणीने ठेवली.

पुढे साथ ओसरली. वनराजांनी हुकूम मागे घेतला आणि टेकडीखाली मोठा सत्कार ठेवला. भार्गवरावांना दोनदा शाल आणि नारळ मिळाला. एकदा निष्ठेने घरात राहिल्याबद्दल आणि एकदा जिवावर उदार होऊन घराबाहेर पडल्याबद्दल. सगळं जंगल नाचलं. हवालदाराने स्वतः ढोल वाजवला.

संध्याकाळी कोल्हा बेहड्याखालून चालला होता. त्याला फटीत चोच दिसली.

"काय वहिनी, अजून आतच? बंदी उठली की!"

"तुमची उठली, भावजी," शालन म्हणाली. "याला अजून पंख यायचेत."

"हो का, हो का," म्हणत कोल्हा घाईने पुढे गेला. त्याला नाचायचं होतं.

मग भार्गवराव आले. खांद्यावर दोन शाली, गळ्यात उंबर. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"भाषणात तुझाही उल्लेख केला हां मी," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, मी आत-बाहेर एवढी धावपळ केली, पण हिने कधी तक्रार केली नाही. बिचारी घरी बसून होती."

शालनने फटीतून चोच काढली आणि उंबर घेतला. घेताना त्यांची चोच जरा जोरातच चावली गेली. मग तिने उंबर पिल्लाला दिला आणि म्हणाली, "आणखी आणा."

तात्पर्य: संकटकाळी कर्त्या पुरुषाने घरातच राहावं. मात्र घरच्यांना जगायचं असेल, तर त्यांनी दार फोडून त्याला बाहेर काढावं आणि सत्काराच्या दिवशी त्याबद्दल चकार शब्द बोलू नये.