भाजलेला पेनड्राइव्ह

स्वयंपाकघरातून प्लॅस्टिक तापल्याचा वास आला तेव्हा महालिंग दाढी करत होता. तो उठला नाही. चन्नम्मा गेल्यापासून स्वयंपाकघरातल्या वासांची चौकशी करायचं त्यानं सोडूनच दिलं होतं. उद्या तिचं वर्षाचं पुण्यस्मरण. पूजेला जंगम येणार, भाऊबंद जेवायला येणार, आणि दारात लावायच्या फ्लेक्ससाठी तिचा फोटो अजून कृष्णातच्या छपाईच्या दुकानात पोचला नव्हता.

फोटो पेनड्राइव्हमध्ये होता, आणि धड असा तो एकच होता. चन्नम्मा कॅमेरा दिसला की आत निघून जायची. पुतणीच्या लग्नात ती हसताना एकदाच सापडली. दुसरा फोटो रेशन कार्डावरचा. त्यात ती दुकानदारावर चिडलेली दिसत होती.

वासाचं मूळ शिवप्रसाद होता. महालिंगचा हा मुलगा बेंगळुरूला नोकरी करायचा. पेनड्राइव्हमधली चिप जुनी झाली की तिच्यातलं वाचताना चुका होतात. त्या चुका झटपट दुरुस्त करून वाचन वेगवान करायचं, हे त्याचं काम. त्यासाठी जुन्या चिपा लागतात. त्या म्हाताऱ्या होईपर्यंत कोण थांबणार, म्हणून नव्या चिपा मंद आचेवर तापवून म्हाताऱ्या करतात. साहेबांना सोमवारी निकाल हवा होता. त्यामुळं शिवप्रसादनं कंपनीचे पेनड्राइव्ह आईच्या केकच्या ओव्हनमध्ये ठेवले आणि तो जंगमांना आमंत्रण द्यायला गेला.

मागं घरात होती महालिंगची थोरली बहीण आक्का. तिनं ओव्हनला हात लावून बघितला. एवढ्या आचेवर नानकटाईसुद्धा भाजत नाही, असं तिचं मत पडलं. तिनं बटण शेवटपर्यंत फिरवलं. देव्हाऱ्याजवळ आणखी एक पेनड्राइव्ह होता. पोरगं विसरलं असेल म्हणून तिनं तोही आत सारला.

शिवप्रसाद परत आला आणि त्यानं ओव्हन उघडला.

"आत्ती, आच कुणी वाढवली?"

"मी. कच्चं ठिवून कुणाचं भलं झालंय?"

फोटोच्या पेनड्राइव्हचं टोपण वितळून ओव्हनच्या ट्रेला चिकटलं होतं. शिवप्रसादनं आतली चिप काढून आपल्या तपासणीच्या यंत्रात बसवली आणि ते लॅपटॉपला जोडलं. चन्नम्माचे केस आले, कपाळ आलं. त्याखाली नुसते राखाडी पट्टे. मग यंत्रानं वाचता येत नसल्याचं कळवलं आणि ते गप्प झालं.

महालिंगनं विचारल्यावर शिवप्रसादनं समजावून सांगितलं. चिपेत वीज साठवलेली असते, ती उष्णतेनं गळते. यंत्र आधी थोडक्यात दुरुस्ती करून बघतं. नाही जुळलं तर विजेची पातळी जरा सरकवून पुन्हा वाचतं, मोठा हिशोब मांडतं. त्यात वेळ जातो. म्हणून चार-दोन प्रयत्नांनंतर नाद सोडायचा, असं त्यानंच ठरवून दिलं होतं. साहेब त्याच्यावर खूश होते.

"म्हंजे लौकर सोडून देतंय म्हणून फास्ट हाय व्हय ते?" महालिंग म्हणाला.

शिवप्रसादनं चिप काढली, पुसून पुन्हा बसवली.

"मग सांग त्याला, सोडू नगंस म्हणावं. आपल्याला कुठं जायाचं हाय?"

शिवप्रसादनं मर्यादा काढून टाकली. चन्नम्मा कणाकणानं खाली उतरू लागली. भुवया यायला चहा झाला, डोळे यायला जेवण. कृष्णातचे फोन येत होते. फोटो नसला तर कमळ टाकतो, असं तो म्हणत होता. महालिंग पडद्यासमोरून हलला नाही. एवढा वेळ तिच्या तोंडाकडं बघायची संधी त्याला संसारात मिळाली नव्हती. बघितलं की ती काहीतरी काम सांगायची.

नाकापाशी शिवप्रसादला सुचलं. मागच्या पट्ट्याला जी पातळी जुळली, तिथूनच पुढच्याला सुरुवात करायची. मग पट्टे भराभर आले. गालावर मात्र तो थांबला.

"आप्पा, हा काळा ठिपका चूक हाय का तीळ?"

"तीळ हाय. तुझी आई हाय न्हवं ती?"

शिवप्रसादनं मान खाली घातली आणि तीळ तसाच ठेवला. रात्री पुरा झालेला फोटो कृष्णातकडं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स आला. कृष्णातच्या दुकानात सगळ्यांना गोरं करायची पद्धत होती, आणि त्याचे तो वेगळे पैसे घेत नसे. चन्नम्मा गोरी झाली होती. सुरकुत्या गेल्या होत्या, तीळही गेला होता. आक्कानं बराच वेळ बघून विचारलं, "ही कोण म्हणायची?"

नवा फ्लेक्स छापायला वेळ नव्हता. महालिंगनं मार्कर घेतला, स्टुलावर चढला आणि उजव्या गालावर तीळ दिला. आक्का म्हणाली, डाव्या. तिचा डावा का आपला डावा, यावरून जुंपली. महालिंग फ्लेक्सकडं पाठ करून चन्नम्मासारखा उभा राहिला आणि स्वतःचे गाल चाचपून बघू लागला. तेवढ्यात आक्कानं मार्कर हिसकून दुसऱ्या गालावरही एक दिला.

शेजारच्या बनाबाई सगळ्यांत आधी आल्या. फ्लेक्ससमोर थांबल्या, डोळ्यांना पदर लावला.

"अगदी हुबेहूब हाय बघा," त्या म्हणाल्या.

आक्का आमटी बघायला आत निघून गेली. महालिंगही आत आला. शिवप्रसाद लॅपटॉप आवरत होता.

"त्यो कालचा फोटो दाव की."

"आता लगेच उघडतोय, आप्पा. यंत्र सुधारलंय मी. डोळ्याचं पातं लवायच्या आत येतोय."

महालिंग त्याच्या शेजारी टेकला.

"तसा नगं," तो म्हणाला. "कालच्यासारखा हळू उघड."