अर्धा राहिलेला बोलपट

"दर्भाचा कावळा चालणार नाई," असं बंडोपंत म्हणाले, आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

तसं पाहिलं तर म्हणणं साधंच होतं. पवनारला धाम नदीच्या काठी त्यांच्या पत्नीचा, सुमतीबाईंचा दहावा चालू होता. भाताचा पिंड मांडून झाला होता, मंडळी हात जोडून मागे सरली होती आणि कावळा काही शिवत नव्हता. समोरच्या बाभळीवर दोघे-तिघे बसले होते, नाही असं नाही. पण घरून जेवून आलेल्या पाहुण्यासारखे. अशा वेळेसाठी शास्त्राने सोय करून ठेवलेली आहे. दर्भाचा कावळा करावा, पिंडाला लावावा आणि आंघोळ करून घरी जावं. गुरुजींनी दर्भ हातात घेतलासुद्धा होता, कारण त्यांना पुढे सेलूला वास्तुशांत होती.

पण बंडोपंत अडून बसले. जन्मभर पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेला माणूस. साहेबापुढे कधी नाही म्हणाला नाही, बायकोपुढे तर प्रश्नच नव्हता. आज पहिल्यांदा तोंडातून नकार निघाला, तर तो ऐकायला तीच नव्हती.

"तिचं काहीतरी राह्यलं आहे," ते म्हणाले. "ते कळल्याशिवाय मी इथून हलत नाई."

मग राहिलेलं शोधायची चढाओढ लागली. मुलगा शौनक पुढे झाला. "आई, बाबांची काळजी करू नको. मी त्यांले माझ्याकडे पुण्याले घेऊन जातो." हे ऐकून कावळे दोन फांद्या वर सरकले. (बंडोपंतही मनातल्या मनात त्यांच्याबरोबर सरकले.) मग सुमतीबाईंची धाकटी बहीण, सुलोचनाबाई, पदर सावरून म्हणाली, "ताई, तुह्या पैठणीवर माझा डोळा नाई वं!" पैठणीचा विषय तोवर कुणीच काढला नव्हता. सून वेदश्रीने चमकून मावशीकडे पाहिलं. कावळ्यांनी मात्र पाहिलं नाही.

ऊन वाढत होतं. गुरुजी घड्याळ पाहत होते. आणि एकदम बंडोपंतांच्या डोक्यात उजेड पडला.

"पिक्चर! तिचं पिक्चर अर्धं राह्यलं!"

हे सांगायला हवं. सुमतीबाईंचे आजोबा नागपुरात एका इंग्रजी थेटरात दारवान होते, सिनेमा नुकताच बोलायला लागला होता त्या काळात. आजोबांना इंग्रजीचा गंध नव्हता. दाराशी उभं राहून नुसते चेहरे पाहायचे आणि घरी येऊन पिक्चरची अख्खी गोष्ट सांगायचे. त्या गोष्टी पुढे घरात वर्षानुवर्षं फिरत राहिल्या आणि लहानग्या सुमतीपर्यंत पोचल्या. ती माणसं खरोखर काय बोलत होती, ते कळावं म्हणून ती इंग्रजी शिकली, शिकता शिकता इंग्रजीची मास्तरीण झाली आणि रिटायर झाल्यावर मोबाईलवर ते नव्वद वर्षांपूर्वीचे हॉलिवूडचे बोलपट शोधून पाहू लागली. सगळे काळेपांढरे. सगळे पुरुष टोपीवाले, सगळ्या बायकांच्या भुवया बारीक, आणि जो तो टेबलावरच्या फुलदाणीजवळ येऊन बोलणार. (माइक त्या फुलदाणीत लपवलेला असायचा म्हणे. बंडोपंतांना सबंध हॉलिवूडमध्ये समजलेली ही एवढीच गोष्ट.)

पुढे साखरेने सुमतीबाईंचे डोळे नेले. मग त्यांच्या नालवाडीच्या घरात रोज संध्याकाळी दिवा लागला, की वेगळाच खेळ सुरू व्हायचा. तिला ऐकू यायचं आणि इंग्रजी कळायचं, पण दिसायचं नाही. याला दिसायचं, पण कळायचं नाही. दोघं मिळून एक धड प्रेक्षक.

"तो रागावला," बंडोपंत सांगायचे.

"रागावला नाई हो. लग्नाचं विचारून राह्यला."

"मंग एवढा लाल काऊन झाला?"

"काळ्यापांढऱ्यात लाल कुठून दिसला तुम्हाले?"

आणि बंडोपंत गप्प बसायचे. असं दिवसाआड व्हायचं. संसारातलं हे सुख आहे, हे त्यांना तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटचं पिक्चर बंदरावरच्या खानावळीचं होतं. तिथे पियानो वाजवणारी एक बाई आणि तिच्यावर जीव टाकणारा जहाजावरचा आचारी. बाई आजारी पडली, आचारी जहाज सोडून धावत आला, आणि नालवाडीची लाइट गेली. वायफाय बंद. "राहू द्या," सुमतीबाई म्हणाल्या, "उद्या पाहू." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं, त्या परत आल्याच नाहीत.

आता शौनकची मुलगी ऋचा पुढे आली. ती कॉलेजात होती आणि या घोळक्यात मोबाईल समजणारी एकटीच. तिने आजोबांच्या मोबाईलवर ते पिक्चर शोधलं, थांबलं होतं तिथून लावलं आणि पिंडाजवळ विटेला टेकवून ठेवलं, आणि तीही तिथेच कान देऊन बसली. बंडोपंत बाभळीकडे तोंड करून बसले आणि नेहमीसारखे, फक्त ओरडून, सांगू लागले.

"सुमती! तो जिना चढून राह्यला वं! टोपी नाई डोक्यावर!"

शेजारी आंजीचे धान्याचे व्यापारी महादेवराव, भावाच्या दहाव्याला आले होते. ते विचारायला आले. "काय चालू आहे जी?"

"पिक्चर," सुलोचनाबाई म्हणाल्या.

महादेवरावांनी पिंडाकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं, आणि खाली बसले. त्यांच्यामागे त्यांचं सगळं गोतही येऊन बसलं. तेवढ्यात तिकडे त्यांच्या पिंडाला कावळा शिवून गेला. भावाचं काही राहिलं नसावं, किंवा त्याला इंग्रजी पिक्चरची आवड नसावी. पण उठायला कुणी तयार नव्हतं. "बाई वाचते का, तेवढं पाहून जाऊ," महादेवराव म्हणाले.

पडद्यावर खोलीचं दार उघडलं. डॉक्टर बाहेर आला. त्याने चष्मा काढला आणि इंग्रजीत हळूच काहीतरी बोलला. आचारी त्याच्याकडे बघतच राहिला, मग पायरीवर बसला, दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. संगीत वाढलं. पिक्चर संपलं.

बंडोपंतांचा आवाज बंद झाला.

हे त्यांनी पाहिलेलं होतं. असंच दार, असाच डॉक्टर. त्यानेही आधी चष्मा काढला होता आणि इंग्रजीत बोलला होता. (वाईट बातमी इंग्रजीत सांगायची, असा दवाखान्यांचा नियम असावा.) शौनक तेव्हा औषधं आणायला गेला होता, शेजारी समजावून सांगायला कुणी नव्हतं, आणि तरी बंडोपंतांना शब्दन् शब्द कळला होता. आयुष्यात तेवढं एकच इंग्रजी त्यांना नीट समजलं.

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. ते ओरडले, "बरी झाली वं ती! उठून बसली! चहा मागून राह्यली!"

कावळे हलले नाहीत.

"बंडोपंत," गुरुजी हळूच म्हणाले, "आता दर्भाचा करू या का?"

बंडोपंतांनी नकाराची मान हलवली. या खेपेला ते ओरडले नाहीत. घरात शेजारी बसल्यासारखं बोलले.

"खोटं बोललो वं. तुह्याशी कशाले खोटं बोलू? ती गेली. डॉक्टरनं सांगतलं अन तो पायरीवर बसला. आता तो घरी जाईन. चहाले दोन कप काढीन अन एक परत ठेवून देईन. दिवा लागला की काय करावं, त्याले समजणार नाई. मले समजून नाई राह्यलं, सुमती."

बाभळीवरून एक कावळा उतरला, दोन उड्या मारत पिंडाशी आला, चोचभर भात घेतला आणि नदीपलीकडे उडून गेला.

शौनकने बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो स्वतःच हमसून रडला. सुलोचनाबाई रडल्या, वेदश्री रडली; महादेवराव सख्ख्या भावासाठी रडले नव्हते एवढे त्या आचाऱ्यासाठी रडले. गुरुजींनी दर्भ पिशवीत ठेवला आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

ऋचा मात्र मोबाईल हातात धरून नुसती उभी होती.

"काय झालं वं?" बंडोपंतांनी विचारलं.

"काही नाई, आजोबा."

"बोल ना."

"तो डॉक्टर ना," ऋचा चाचरत म्हणाली, "तो म्हणाला की धोका टळला. ती वाचली. तो आनंदानं रडून राह्यला होता, आजोबा."

बंडोपंत तिच्याकडे वळले.

"म्हणजे मी खोटं बोललो ते..."

"बरोबर होतं."

"अन खरं बोललो ते?"

"चुकलं."

महादेवरावांनी नाक पुसलं. व्यापारी माणूस, हिशेब जुळल्याशिवाय उठवत नव्हतं. "मंग कावळा काऊन शिवला जी?"

गुरुजींनी नदीकडे पाहिलं. यावर शास्त्रात काही नव्हतं.

बंडोपंत ओल्या दगडावर बसून राहिले. नजर बाभळीकडे होती. रडता रडता त्यांना हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच पुन्हा रडू आलं.

"या माणसाले एक तरी पिक्चर समजावं, एवढीच तिची इच्छा राह्यली होती," ते म्हणाले. "आज तिनं नाद सोडला."