माणूस येनार हाय

माझी आजी एसटीत नंतर चढायची; आधी तिचा रुमाल चढायचा. पनवेलच्या स्टँडवर उरणची गाडी वळण घेत असतानाच ती कासोटा सावरत धावायची आणि हिरव्या चौकड्यांचा रुमाल खिडकीतून असा भिरकावायची, की तो नेमका सीटवर जाऊन पडे. आजोबा उरणजवळच्या करंज्याला मासेमारी करायचे. ते म्हणत, "माझं जालं कवातरी रिकामं येतं. हिचा रुमाल कवाच नाय."

आम्ही तिला बाय म्हणायचो. सगळा जन्म तिने करंज्याहून पनवेलच्या बाजारात मासळी आणून विकली. गुडघे बोलायला लागले तशी ती आमच्याकडे पनवेलला राहायला आली. डोक्यावरची पाटी सुटली, रुमाल मात्र सुटला नाही.

स्वतः बसायची आणि शेजारच्या सीटवर रुमाल पसरायची. कोणी धडधाकट माणूस आला की, "माणूस येनार हाय!" दिवस गेलेली बाई किंवा म्हातारा दिसला, तर रुमाल लगेच उचलून, "ये, बस. तुजीच वाट बगत होते!"

एकदा कंडक्टर वैतागला. "आजी, कोण येणार आहे तरी?"

"एकवीरा आई."

"कुठल्या स्टॉपला चढणार?"

"ती कवाच चढली. तू घंटी मार."

दवाखान्याच्या बाकावर रुमाल, लग्नाच्या पंगतीत रुमाल. सकाळी देवापुढे पाट मांडून त्यावरही रुमालच. "बस गो आई, उबी ऱ्हाव नको," असं म्हणून ती देवीला चहा दाखवायची आणि तोच चहा दारात आलेल्या कचरेवाल्या ताईला द्यायची. "आईनं पिला. आता तू पी."

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. कॉलेजच्या समारंभाला बाबांनी द्रोणागिरीच्या गोदामातून सुट्टी काढली. बाय अबोलीची वेणी माळून आली आणि दुसऱ्या रांगेत बसली. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर रुमाल.

हॉल भरला. लोक भिंतीला टेकून उभे राहिले. बिल्ला लावलेली एक मुलगी आली. "आजी, ही खुर्ची रिकामी आहे ना?"

"माणूस येनार हाय."

मग एक सर आले. "आजी, पाहुण्यांच्या मिसेस उभ्या आहेत."

"मंग ह्याला उटवा," असं म्हणत बायने बाबांच्या बरगडीत कोपर मारलं. "ऊट रं. बाईला बसू दे."

बाबा निमूट भिंतीशी जाऊन उभे राहिले. मिसेस बसल्या. रुमालाची खुर्ची तशीच. मी स्टेजजवळच्या रांगेतून हे सगळं पाहत होतो आणि जमिनीत शिरायला जागा शोधत होतो.

पदवी घेऊन खाली उतरलो, तोच भर हॉलमध्ये आवाज घुमला, "पोरा! हिकडं!"

बायने रुमाल उचलला होता. "बस. सकालपासून काला डगला घालून उबा केलाय माज्या पोराला!"

अख्खा हॉल हसला. पाहुण्यांच्या मिसेस तर डोळे पुसत होत्या. मी डगल्यासकट बसलो आणि कुजबुजलो, "बाय, आम्हाला तिकडे खुर्च्या होत्या गं. एवढं भांडायचं कशाला?"

ती मांडीवर रुमालाची घडी घालत राहिली. मग हळूच म्हणाली, "पाटी घेऊन गाडीत बसायची ना, तवा माज्या बाजूला कोन बसायचं नाय. वास येतो म्हनून. उबं ऱ्हायचे, पन बसायचे नाय. रिकामी सीट बगून कसंतरी व्हायचं. मंग रुमाल टाकायला लागले. रुमाल असला का वाटतं, कोनतरी येनार हाय."

मी तिला नीट टेकता यावं म्हणून खांदा जरा पुढे केला.

बाय गेल्या हिवाळ्यात गेली. परवा उरणच्या गाडीत मी खिडकीशी बसलो होतो, शेजारी तिचा रुमाल. एक मावशी पाटी घेऊन चढली आणि सवयीने मागच्या दाराशी उभी राहिली.

मी रुमाल उचलला. "मावशी, ये, बस. तुझीच वाट बघत होतो."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग बसली. पाटीत सुके बोंबील होते. उरणपर्यंत वास काय घमघमला!