दोनशे एक्क्याऐंशीवी बेल

रणपिसे काकांच्या दाराची बेल मी आजवर दोनशे ऐंशी वेळा दाबली आहे. एकदाही दार उघडलं नाही. काका आत होते, जागे होते आणि दारापासून सहा फुटांवर खुर्चीत बसलेले होते. अंतर मी टेपने मोजलेलं आहे, त्यामुळे त्यात चूक नाही.

आमचं भांडण वगैरे काही नव्हतं. आम्ही दोघं हेडफोन निवडत होतो.

गरज खरं तर माझी. आम्ही डोंबिवलीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर, वन बीएचकेत. मुलगी सई बारावीला. तिचं टेबल आतल्या खोलीत, टीव्ही बाहेरच्या, आणि मधलं दार पावसाळ्यात फुगलं ते अजून नीट लागत नाही. मी कोलशेतला एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. संध्याकाळी घरी आलो की क्रिकेटच्या जुन्या मॅच बघतो. निकाल माहीत असतो. पण शिल्लक आधी ठाऊक असली की मोजायला बरं वाटतं, तसंच हे. नोव्हेंबरात एकदा सई बाहेर आली, तिने रिमोट उचलला आणि म्हणाली, "बाबा, चौतीस."

"काय चौतीस?"

"व्हॉल्यूम. लोक अठरावर बघतात. तुला कमी ऐकू येतं."

"मला उत्तम ऐकू येतं. ह्या टीव्हीचा चौतीस म्हणजे बाकीच्यांचा अठरा."

माझी बायको सुनीता स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, एक फेब्रुवारीपासून तिच्या प्रॅक्टिकल. तोपर्यंत हेडफोन घ्या, नाहीतर टीव्ही माळ्यावर जाईल. आणि दीड हजाराच्या वर जायचं नाही."

सईने तिथल्या तिथे मोबाइलवर एक हेडफोन काढून दाखवला. तेराशे एकोणपन्नास रुपये. "हा घे. माझ्या तीन मैत्रिणींकडे आहे." झालं, दोन मिनिटांत विषय संपला होता. पण मी पंख्याचा कपॅसिटर घेतानाही तीन दुकानं करणारा माणूस. मी दुसऱ्या मजल्यावर रणपिसे काकांकडे गेलो.

आमच्या बिल्डिंगमध्ये हेडफोन म्हटलं की रणपिसे काका. वय बहात्तर. खोपटच्या एसटी स्टँडवर त्यांनी एकतीस वर्षं खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारल्या. काकू जाऊन बारा वर्षं झाली. काका एकटेच राहतात, पण पुकारणं सुटलेलं नाही. खाली भाजीवाला गप्पांत रमला की दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आवाज येतो, "मेथीसाठी थांबलेले ग्राहक ताटकळत आहेत, नोंद घ्यावी!" भाजीवाला नोंद घेतो.

निवृत्तीनंतर त्यांना जुनी भावगीतं ऐकायचा नाद लागला. हेडफोन लावून ऐकतात आणि बरोबरीने गातात. हेडफोन लावलेल्या माणसाला आपला आवाज केवढा लागलाय ते कळत नाही. पुकारताना खणखणीत असलेला त्यांचा आवाज गाण्यात मात्र पहिल्या गिअरमध्ये घाट चढतो. जिन्यात आम्हाला फक्त तेवढंच ऐकू येतं. वाद्यं आणि मूळ गायक आत काकांच्या कानात.

माझी अडचण ऐकून काका म्हणाले, "खारकर, हेडफोन घ्यायचा नसतो. तपासायचा असतो."

हे वाक्य मला इतकं पटलं की मी जो बसलो तो जानेवारी संपेपर्यंत.

"मलाही घ्यायचाय," काका म्हणाले. "जुना देऊन टाकला."

"का? बिघडला?"

"नाही. फार चांगला होता."

हे काही मला जुळलं नाही. पण मी वही उघडली होती, रकाने आखत होतो, आणि रकाने आखताना मला दुसरं काही सुचत नाही.

एकूण चौदा हेडफोन तपासले. पाच शेजाऱ्यांकडून मागून आणले, सहा ऑनलाइन मागवून मुदतीत परत केले, आणि तीन स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने दिले. तोही शेवटी म्हणाला, "काका, घेणार आहात की नुसतं डोकं मोजताय?" डोकं मी खरंच मोजलं होतं. घरचा वजनकाटा नेऊन प्रत्येक हेडफोनचं वजनही केलं होतं. सुनीताने त्या काट्यावर नंतर आठवडाभर रवा मोजला नाही.

काकांची तपासायची पद्धत कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. त्यांच्या लेखी डावा कान म्हणजे फलाट एक, उजवा म्हणजे फलाट दोन. आवाज पारखायला ते आधी गाणं लावतच नसत. स्वतःच रेकॉर्ड केलेली गावांची यादी लावत, "मुरबाड, मुरूड, माळशेज, माणगाव." एकेक अक्षर सुटं ऐकू आलं तर पुढे जायचं. एका हेडफोनमध्ये ढोलकी अशी घुमली की खुर्ची हलल्यासारखी वाटली. मी खूश. काकांनी तो काढून ठेवला. "ह्याच्यात गाडी जोरात सुटते, खारकर, पण पॅसेंजर खालीच राहतात. शब्द कुठेयत?"

हेडफोन डोक्याला किती सोसतो ते मटारावर ठरायचं. "नुसतं बसून कळत नाही. मान हलली पाहिजे, हात चालला पाहिजे, चष्मा घामाने घसरला पाहिजे." म्हणून हेडफोन घालून दोन किलो मटार सोलायचे. मटार संपायच्या आत कान दुखला की नापास. सहा क्रमांकाचा पाऊण किलोतच नापास झाला. चष्म्याच्या काड्या कानामागे रुतल्या. सोललेले मटार मी घरी न्यायचो. त्या थंडीत आमच्याकडे मटार-भात, मटार-उसळ, मटार-पोहे आणि मटार-करंज्या झाल्या. सई म्हणाली, "बाबा, हेडफोन राहू दे, मी कापूस घालते कानात. पण हे बंद कर."

आणि सगळ्यात शेवटी बेल.

काका हेडफोन लावून, गाणं चालू करून आत बसत. मी दार ओढून बाहेर उभा. मनाला येईल तेव्हा बेल दाबायची, एका हेडफोनला वीस वेळा. किती वेळाने दाबायची ते ठरवायचं नाही, "गाड्या काय सांगून येतात?" बेल ऐकू आली की काका आतून ओरडत, "नोंद घ्यावी!" आणि मी वहीत टिक करी. नाही ऐकू आली तर गाणं तसंच चालू राही आणि मी फुली मारी. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दोनदा दार उघडून विचारलं, "घरात नाहीत का हो?" मी म्हणालो, "आहेत ना, गातायत." त्यांनी दार लावून घेतलं.

एका रविवारी मी म्हटलं, पारखणारा बदलून बघू. काका बाहेर गेले, मी आत. सुरुवात म्हणून रिकाम्या कानांनी ऐकायचं होतं. दहा बेला. मी दहाही वेळा ओरडलो, अशी माझी समजूत. काका आत आले, त्यांनी माझ्या कानांकडे बघितलं आणि वहीत लिहिलं: "बेल सदोष. दहापैकी तीन वेळा वाजली नाही."

मी दुसऱ्याच दिवशी एकशे ऐंशी रुपयांची नवी बेल आणून स्वखर्चाने बसवली. सदोष उपकरणावर घेतलेली चाचणी मला चालत नाही. काका स्टूल धरून उभे होते.

जानेवारीचा शेवटचा आठवडा आला तरी निवड होईना. तेराव्या क्रमांकावर सईने पहिल्या दिवशी दाखवलेला हेडफोन होता. मी तो मुद्दामच मागे ठेवला होता. गावांची यादी स्वच्छ. दोन किलो मटार सोलून झाले, कान जसेच्या तसे. वजनही कमी. पण कानावर तो असा बसायचा की बाहेरचं जग बंद. बेल: वीसपैकी शून्य. काकांनी शेरा मारला, "नापास."

मी जिन्यात वीस फुल्या मारून आलो होतो. बोट दुखत होतं. "काका, पाच दिवस राहिलेत. टीव्ही माळ्यावर जाईल माझा. सगळ्यात पास आहे हा, एका बेलसाठी काय नापास करताय? आणि मी म्हणतो, तुमच्याकडे येतंय कोण?"

हे बोलल्यावर मला माझं उत्तम ऐकू आलं.

काकांनी हेडफोन डब्यात ठेवला, वायरची गुंडाळी केली, डबा बंद केला. मग म्हणाले, "भोईर."

भोईर हे त्यांच्या डेपोचे ड्रायव्हर, मुरबाडकडचे. बावीस वर्षं मुरबाड गाडी भोईरनी चालवली आणि काकांनी पुकारली. निवृत्तीनंतर दरवर्षी भातकापणी झाली की ते नवे तांदूळ घेऊन येतात. न कळवता. फोन करून येतो तो पाहुणा, असं त्यांचं म्हणणं.

"ह्या नोव्हेंबरात आला," काका म्हणाले. "मी तो चांगला हेडफोन लावून गात होतो. तासाभराने दार उघडलं तर कडीला तांदळाची पिशवी. खाली धावलो, गेला होता. फोन केला. म्हणाला, 'तू गात व्हतास रं. मी तीन गानी आयकली बाहेर उबा राहून. मना वाटला, तुला कुनी नको.'"

"मग हेडफोनचं सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. म्हणाला, 'इंजनाच्या आवाजात मना तुजा पुकारा आयकू यायचा, आन तुला घरात बेल नाय आयकू येत?' हसला. आणि फोन ठेवला. एरवी त्याचा फोन मला ठेवावा लागतो." काकांनी चष्मा पुसला. "आपल्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. त्याचे गुडघे गेलेत. परत येईल न येईल. आला तर ऐकू आलं पाहिजे एवढंच."

मी हिशेबी माणूस. म्हणालो, "मग हेडफोन लावूच नका ना. प्रश्न मिटला."

"नाही लावला आठ दिवस. घरात एवढं शांत असतं, खारकर, की बेल वाजल्याचे भास होतात. अकरा वेळा दार उघडलं. कोणी नाही."

त्या दिवशी मी मटार तिथेच विसरून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना थेट दुकानात गेलो आणि दुकानदाराला म्हटलं, "बाहेरचं सगळं ऐकू येईल असा हेडफोन द्या." तो म्हणाला, "लोक उलटं मागतात." मग खालच्या ड्रॉवरमधून धूळ झटकून एक काढला: वायरचा, कानांवर नुसते स्पंजचे दोन तुकडे, पत्र्याची पट्टी. तीनशे नव्व्याण्णव. वजन एवढं कमी की काट्याने आधी दखलच घेतली नाही. गावांची यादी बऱ्यापैकी सुटी. दोन किलो मटार आरामात. बेल: वीसपैकी वीस. आतून वीस वेळा "नोंद घ्यावी!" आलं, आणि शेवटचे चार-पाच तर काकांनी गाण्याच्या चालीतच लावले.

तो काकांनी ठेवला, मी तेरा क्रमांकाचा घेतला. एकतीस जानेवारीला. सईने डबा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "बाबा, हा तर मी नोव्हेंबरात..."

"तेव्हा तुझं मत होतं," मी म्हणालो. "आता खात्री आहे."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी मी दूध आणायला खाली निघालो. दुसऱ्या मजल्यावर काकांच्या दारापुढे एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे होते. एक हात कठड्यावर, दुसऱ्यात वालाच्या शेंगांची पिशवी. आत काकांचं गाणं ऐन भरात आलेलं. माझी चाहूल लागल्यावर त्यांनी वळून पाहिलं.

"गातोय त्यो," ते म्हणाले. आणि पिशवी कडीकडे न्यायला लागले.

"भोईर ना तुम्ही? बेल दाबा."

"नको. रंगलाय."

"दाबा हो. एकदाच दाबा."

त्यांनी दाबली. गाणं अर्ध्या ओळीत थांबलं. आणि आतून खणखणीत आवाज आला, "नोंद घ्यावी!"

गाणं पुढे सुरू झालं.

भोईरनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनला?"

दोनशे ऐंशी वेळा बेल दाबून मी त्या माणसाला पक्कं शिकवलं होतं, की बेल वाजली तर दार उघडायचं नसतं.

"उगडायचा नाय त्याला," भोईर हळूच म्हणाले आणि पिशवीचा बंद कडीत अडकवला.

मी दोन्ही हातांनी दार बडवलं. "काका! चाचणी नाही! खरी बेल आहे! खरी!"

समोरचं दार उघडलं, वरचं उघडलं, सई जिन्यात धावत आली. काकांचं दार सगळ्यांत शेवटी उघडलं. हेडफोन गळ्यात, वायरच्या टोकाला मोबाइल लोंबकळत होता. त्यांनी भोईरकडे पाहिलं. भोईर पिशवीकडे बघत होते.

काकांनी घसा साफ केला. "मुरबाडहून येणारी गाडी," त्यांनी पुकारलं, "तीन महिने उशिराने..." पुढचं त्यांना येईना. एकतीस वर्षांत ते कधी अर्ध्यावर अडले नसतील.

"रस्ता खराब व्हता," भोईर म्हणाले, आणि चपला काढून आत गेले.

मी दूध घेऊन वर आलो तेव्हा दार लागलेलं होतं. बाहेर सई क्लासला निघता निघता थबकून उभी होती. "बाबा, ऐक ना. शेंगा सोलतायत दोघं. पातेल्यात दाणे पडतायत."

मी दाराला कान लावला. मला काही ऐकू आलं नाही. पण ती जुनी बेल सदोष नव्हती हे आता मला कळलं होतं, म्हणून मी सईच्या कानांवर विश्वास ठेवला.