मालक आणि कंत्राटदार यांचं नातं

डाव्या हाताची सही.

साबणाच्या तीन वड्या.

‘सहा महिन्यांत खोली रिकामी करावी.’

दोन खुर्च्या, माणूस एक.

यांतली नोटीस आधी आली. गवंड्याने जन्मभर लोकांची घरं बांधली आणि स्वतः भाड्याच्या खोलीत राहिला. आता घरमालकाला तीही हवी होती. गवंड्याकडे जागेचा एक तुकडा होता, दोन हात होते. फक्त पैसे नव्हते. तो बँकेत गेला.

“घर कोणाचं?” कर्ज अधिकाऱ्याने विचारलं.

“माझं.”

“बांधणार कोण?”

“मीच की, साहेब.”

“बरं. कंत्राटदाराशी तुमचं नातं काय?”

गवंडी घुटमळला. “तसं जवळचंच.”

“रक्ताचं?”

“रक्त एकच आहे म्हणा.”

“मग जमायचं नाही. नात्यातल्या माणसाला काम देता येत नाही. उद्या तुम्ही दोघं संगनमत कराल आणि बँक बसेल हात चोळत.”

शेवटी गवंड्याने प्रतिज्ञापत्र केलं: माझा माझ्याशी काडीचाही संबंध नाही. साक्षीदार म्हणून बायकोने सही ठोकली. “यात खोटं काय? वीस वर्षं हेच बघतेय मी.”

करारावर मालकाने उजव्या हाताने सही केली, कंत्राटदाराने डाव्या. दराची घासाघीस अधिकाऱ्याला समक्ष पाहायची होती, म्हणून दोन खुर्च्या मांडल्या. या खुर्चीत बसून गवंडी म्हणे, “फार होतात हो.” त्या खुर्चीत जाऊन म्हणे, “परवडत नाही, मालक.” चौथ्या फेरीला मालकाने असं काही पाडून मागितलं की कंत्राटदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. अधिकारी खूश. कर्ज मंजूर.

खोलीची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना घर उभं राहिलं. सामान आलं आणि सामानाच्या मागोमाग बँकेचा तपासनीस.

“ताबा दिल्यावर कंत्राटदाराने घरात पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर कर्ज रद्द. आपण कोण?”

“मालक.”

तपासनिसाने त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले. भेगांत सिमेंट, नखांत सिमेंट. “हे मालकाचे हात?”

गवंडी बाहेर पायरीवर जाऊन बसला. बायकोने बादली आणली आणि त्याचे हात घासायला घेतले. एक वडी संपली, दुसरी संपली, तिसरी संपली. “अहो, तीस वर्षांचं आहे ते,” ती म्हणाली. “आता कातडंच निघेल.”

तपासनिसाने शेजाऱ्यांना बोलावलं. “या इसमाला ओळखता?”

“हो तर! गवंडी आहे. सहा महिने बघतोय ना.”

“आणि मालक?”

“मालक काही दिसला नाही बुवा.”

नोंद झाली: ‘कंत्राटदार जागेवर, मालक बेपत्ता. मालक हजर होईपर्यंत त्याच्या पत्नीस आत राहण्यास हरकत नाही. कंत्राटदाराने तिच्याशी कामापुरतंच बोलावं.’

शेजाऱ्यांना हसू नका. तुमचं घर ज्याने बांधलं, त्या गवंड्याचं नाव सांगा बघू.

स्वतःच्या घरात तरी वाकून शिरायला नको, म्हणून दाराची चौकट त्याने आपल्या उंचीपेक्षा वीतभर जास्त ठेवली होती.