पोचा आलेला डबा

स्वयंपाकघरातलं कपाट आवरताना काकांना अननसाच्या फोडींचे डबे सापडले. हौसेने आणले होते काकूंनी. एकाला पोचाही त्यांच्याच हातून आलेला. काकू जाऊन वर्ष होत आलं होतं. एकट्याने ते फोडायला काकांचा हात होईना. त्यांनी सगळे पिशवीत भरले आणि अन्नवाटप केंद्र गाठलं.

देणाऱ्यांचं दार मागच्या बाजूला होतं, हे काकांना ठाऊक नव्हतं. ते घेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. स्वेटरचं कोपर विरलेलं, दाढी वाढलेली. टोकायला घरात कुणी नव्हतं. मागे उभ्या इस्त्रीवालीने त्यांना सावलीत ओढलं, काय शिजवता, झोप लागते का, सगळं विचारून घेतलं. काका इतके बोलले की घसा दुखायला लागला.

टेबलाशी वाटपवाल्या बाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. "मागच्या वेळचं परत आणलंत होय? आवडलं नाही तर लाजायचं नाही हं." त्यांनी डबे काढून तांदूळ, तेल, बिस्किटं भरली. काका खुलासा करणार, तेवढ्यात मागून इस्त्रीवालीचा आवाज आला, "साबण जास्त द्या हो त्यांना. एकटेच आहेत."

आपल्यासाठी कुणी भांडल्याला किती दिवस झाले होते! काकांनी मुकाट्याने साबण घेतला.

पण दुसऱ्याच्या तोंडचा घास पचेना. पुढच्या गुरुवारी ते सगळं परत घेऊन निघाले, वर घरचा साखरेचा पुडाही घातला. मागचं दार आता माहीत झालं होतं. पण इस्त्रीवालीने रांगेत जागा धरून ठेवली होती, तिला नाही कसं म्हणायचं? तांदूळ परत आलेले पाहून बाईंनी ताडलं की यांच्याकडे चूल नाही, आणि पाव दिला. पावही परत आला, तेव्हा यांना दात नाहीत असं ठरलं. लापशीचं पीठ परत आल्यावर मात्र बाई घाबरल्या. इस्त्रीवालीला म्हणाल्या, "तुझ्या वाटेवरच राहतात ना? घरी जाऊन बघून ये जरा."

ती आली. फाटक, बाग, दुमजली बंगला. काकांनी फाटक उघडलं. आता रांग सुटली, गुरुवार गेला.

तिने बंगल्याकडे पाहिलं, मग काकांच्या कोपराकडे.

"मालक आहेत का घरात?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

काका घुटमळले. "बाहेर गेलेत."

"एवढा बंगला, आणि राखणदाराला पोटभर घालवत नाही यांना. चूल तरी वापरू देतात का?"

काकांनी चहा केला. मालक अचानक आले तर, म्हणून ती बसेना. मग काकाही आपल्याच स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे राहिले. तिने पिशवीतून एक डबा काढला. "मला वाटपात मिळाला. पीठ नको असेल तर हे तरी खा."

डब्याला पोचा होता.

काकांनी तो तिच्यासमोरच फोडला. दोघांनी उभ्याउभ्याच फोडी खाल्ल्या.

"बोलतात तरी का तुमच्याशी?" तिने विचारलं.

"कोण?"

"मालक."

काकांनी जरा विचार केला. "फारसे नाही. एकटेच असतात ते."

"असू देत. त्यांना सांगून ठेवा, गुरुवारी तुम्हाला सुट्टी पाहिजे म्हणून."

"सांगतो," काका म्हणाले. "नाही म्हणायचे नाहीत ते."